मराठवाड्यातली विद्यापीठं, अभ्यासक्रम, संशोधन आणि स्पर्धा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावी वनस्पतिशास्त्र शिकवतो. विद्यापीठांच्या 'आविष्कार' या संशोधन स्पर्धेचं काम माझ्याकडे आल्यापासून बीड, जालना, लातूर, हिंगोली अशा कुठूनही मुलांचे आणि पालकांचे निरोप येत राहतात. निकाल लागले की एक लाट येते, दिवाळीच्या आगेमागे दुसरी. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा बरीचशी विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गुंतला असेल तिथं क्रमांक दिला आहे.

१. आपल्या मराठवाड्यात विद्यापीठं नेमकी किती? माझं कॉलेज कोणत्या विद्यापीठाचं, हे कसं ओळखू?

कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांसाठी जिल्हा पाहिला की उत्तर मिळतं. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे आहेत. त्याची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ची. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे आहेत. ते १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच सुरू झालं. पहिल्याचा उपपरिसर धाराशिवला आहे, दुसऱ्याचा लातूरला.

शेतीसाठी परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, १८ मे १९७२पासून. याशिवाय छत्रपती संभाजीनगरात राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि एमजीएम हे खासगी विद्यापीठ आहे.

गोंधळ होतो तो व्यावसायिक शाखांत. मराठवाड्यातली बरीचशी अभियांत्रिकी महाविद्यालयं रायगड जिल्ह्यातल्या लोणेरे इथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. दोन्ही नावांची सुरुवात सारखी असल्यामुळे शिष्यवृत्तीच्या अर्जात यादीतून भलतंच विद्यापीठ निवडलं जातं आणि अर्ज परत येतो. वैद्यकीय महाविद्यालयं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत. परभणी आणि उदगीरची पशुवैद्यकीय महाविद्यालयं नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे. म्हणून गुणपत्रिकेच्या माथ्यावरचं पूर्ण नाव अक्षर न् अक्षर वाचा आणि अर्जात तेच निवडा.

२. माझ्या वडिलांच्या पदवीवर नुसतं 'मराठवाडा विद्यापीठ' आहे. ती आता चालती का? नाव बदलून घ्यावं लागतं का?

चालते, आणि काहीही बदलून घ्यावं लागत नाही. विधिमंडळाने जुलै १९७८मध्ये नामांतराचा ठराव केला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या सोळा वर्षांत या मातीनं फार सोसलं. माणसं गेली, दलित वस्त्यांमधली घरं जळाली. आजही १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी खेड्यापाड्यांतून माणसं येतात. १९९४च्या आधीच्या पदवीवर आधीचं नाव असणारच. औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही शहरांची जुनी नावं असलेली कागदपत्रंही तशीच वैध आहेत.

यात एक गोष्ट मात्र लोकांच्या ध्यानात येत नाही. वडील नांदेड, लातूर किंवा परभणीला शिकले असतील आणि नांदेडचं विद्यापीठ होण्याआधी पदवीधर झाले असतील, तर त्यांची पदवी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाची आहे. दुय्यम प्रत किंवा पडताळणी हवी असेल तर अर्ज तिकडे करायचा. आजोबा १९५८पूर्वीचे असतील तर कागदावर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचं नाव दिसू शकेल, कारण तेव्हा आपली महाविद्यालयं त्याच्याशी जोडलेली होती.

३. मी तालुक्याच्या कॉलेजात शिकायलोय. विद्यापीठाच्या स्पर्धा, ग्रंथालय, शिबिरं ही कॅम्पसवरच्या पोरांसाठीच असतात ना?

नाही. संलग्न महाविद्यालयात प्रवेश घेतलेला प्रत्येक जण त्या विद्यापीठाचा विद्यार्थी असतो. परीक्षा विद्यापीठ घेतं, पदवी विद्यापीठ देतं, आणि शुल्काच्या पावतीवर युवक महोत्सव, क्रीडा, विद्यार्थी कल्याण अशा नावांनी जी छोटी रक्कम असते ती प्रत्येकाकडून घेतली जाते. ती पावती एकदा नीट वाचा.

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि दरवेळी मन खट्टू होतं. हुशार मुलगी तीन वर्षं कॉलेजात येते, पहिल्या वर्गात पास होते, आणि आपल्याला कुठं काय मांडता आलं असतं हे तिला निरोप समारंभाच्या दिवशी कळतं. सूचना फलकावर लागते, पण चारच्या एसटीसाठी पळणाऱ्या मुलीला फलक वाचायला सवड नसते. म्हणून जुलैतच तीन माणसं गाठा : आविष्कारचे समन्वयक, सांस्कृतिक विभागप्रमुख आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रमाधिकारी. प्रत्येक महाविद्यालयात ही कामं कोणाकडे तरी दिलेली असतात. नाव, वर्ग आणि फोन नंबर त्यांच्याकडे नोंदवून ठेवा.

४. नवीन धोरणात डिग्री तीन वर्षांची की चार वर्षांची?

दोन्ही. विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त महाविद्यालयांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२३-२४पासून लागू झालं, बाकीच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून. तीन वर्षं पूर्ण करून १२० ते १३२ श्रेयांक (प्रश्न ५) मिळवले की नेहमीची पदवी मिळते. चौथं वर्ष केलं आणि श्रेयांक १६० ते १७६ झाले की ऑनर्स पदवी.

मध्येच शिक्षण थांबलं तरी हात रिकामे राहत नाहीत. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ श्रेयांक झाले तर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर ८० ते ८८ झाले तर पदविका. त्यासाठी चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप जादा करावी लागते. लग्न ठरलेल्या मुली आणि घरच्यांबरोबर ऊसतोडीला जावं लागलेली मुलं मला याबद्दल विचारतात. माझा सल्ला एकच : थांबायचंच असेल तर सत्र अर्धवट टाकून निघू नका, वर्षाची परीक्षा देऊन थांबा.

५. श्रेयांक म्हणजे काय? आणि ती 'एबीसी'ची आयडी कशाला मागतात?

साधारण १५ तासांची शिकवणी म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाला त्यासाठी ३० तास लागतात. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे सत्रात ६० तास.

हे श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसीत, तुमच्या नावावर जमा होतात. खातं डिजिलॉकरमधून उघडतं. जमा श्रेयांक सात वर्षांपर्यंत वापरता येतात. आधारवरचं नाव आणि दहावीच्या सनदेवरचं नाव जुळत नसेल तर इथंच अडतं. आपल्याकडे वडिलांचं नाव, आडनाव यांचा क्रम आणि 'राव', 'बाई' यांमुळे ते फार वेळा जुळत नाही. प्रवेशाआधी आधार दुरुस्त करून घ्या.

६. चौथं वर्ष करावं का? नेमका फायदा काय?

पुढे एम.ए., एम.एस्सी. करायचं असेल तर चार वर्षांच्या पदवीनंतर ते एका वर्षात होतं, तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांत. एकूण वर्षं पाचच. खरा फरक संशोधनासह ऑनर्स घेणाऱ्यांना पडतो. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याच्या तोडीची श्रेणी लागते आणि चौथ्या वर्षी स्वतःचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. तुमच्या महाविद्यालयात चौथं वर्ष आहे का, असेल तर संशोधनासह आहे का, हे दुसऱ्याच वर्षी विचारा. नसेल तर दुसरीकडे जाण्याची तयारी लागेल. पीएच.डी.शी त्याचा संबंध प्रश्न १०मध्ये आहे.

७. आविष्कार म्हणजे नेमकं काय असतं? त्यात कोण भाग घेऊ शकतो?

राज्यातल्या विद्यापीठांचा हा संशोधन महोत्सव २००६पासून राज्यपालांच्या, म्हणजे कुलपतींच्या पुढाकारानं भरतो. आधी महाविद्यालय आणि जिल्हा, मग विद्यापीठ, शेवटी राज्य अशा पायऱ्या असतात. गट सहा आहेत : मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला; वाणिज्य, व्यवस्थापन आणि विधी; मूलभूत विज्ञान; कृषी आणि पशुसंवर्धन; अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान; वैद्यकशास्त्र आणि औषधनिर्माण. पदवी, पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थी अशा पातळ्या वेगळ्या असतात, त्यामुळे बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या मुलाची गाठ पीएच.डी.च्या विद्यार्थ्याशी पडत नाही.

पोस्टर लावायचं, परीक्षक आले की चार-पाच मिनिटांत सांगायचं, निवड झाली की सादरीकरण करायचं. मराठीत बोललं तर चालतं. इंग्रजी येत नाही म्हणून माघार घेऊ नका. परीक्षक हमखास विचारतात ते तीन प्रश्न असे : हे तू स्वतः केलंस का, नमुने किती घेतले, आणि तेवढेच का घेतले. पाठ केलेलं भाषण तिसऱ्या प्रश्नाला कोसळतं. शेतात जाऊन आलेलं पोर तिथंच खुलतं.

८. सर, विषयच सुचत नाही. गुगलवरून घेतला तर चालंल का?

चालेल, पण टिकणार नाही. घरापासून पाच किलोमीटरच्या आत बघा.

मी मुलांना नेहमी भेंडीची गोष्ट सांगतो. भेंडीची पानं हळदीसारखी पिवळी पडतात, शिरा तेवढ्या ठळक दिसतात आणि पीक हातचं जातं. हा पांढऱ्या माशीनं पसरणारा विषाणू आहे. परभणीच्या शास्त्रज्ञांनी तेव्हाच्या लोकप्रिय 'पुसा सावनी' वाणाचा संकर भेंडीच्या एका रानटी भाऊबंदाशी केला, पुढं निवड करत नेली आणि 'परभणी क्रांती' हा वाण तयार झाला. देशभर तो लावला गेला. कोणी ढुंकूनही न बघणाऱ्या रानटी झाडात ती ताकद होती. बदनापूरच्या केंद्राचे तुरीचे वाण, नांदेडच्या केंद्राचं 'एनएचएच-४४' या संकरित कापूस वाणावरचं काम, २०१८मध्ये आलेली जादा लोह आणि जस्ताची 'परभणी शक्ती' ज्वारी हे सगळं आपल्याच काळ्या रानात उभं राहिलं आहे.

विज्ञान शाखेच्या मुलाला बांधावरच्या रानभाज्या, विहिरीच्या पाण्यातला क्षार, तुरीची मर, जायकवाडीच्या नाथसागरावर उतरणारे पक्षी, असं कितीतरी आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात तर जीवांच्या डीएनए बारकोडिंगचं स्वतंत्र केंद्र आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानं मलिक अंबरची नहर पाहावी. सतराव्या शतकात मातीच्या आणि दगडी नळांतून, विजेशिवाय, फक्त उताराच्या हिशोबानं शहराला पाणी कसं पुरवलं, हे मोजत बसायला एक जन्म पुरणार नाही. किल्लारीच्या भूकंपाला, ३० सप्टेंबर १९९३च्या त्या पहाटेला, तीस वर्षं उलटून गेली. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली माणसं गाडली गेली होती. पुनर्वसनाच्या घरांत लोक आज कसे राहतात, त्यांनी त्या घरांत काय बदल केले, पुन्हा दगडमातीत बांधकाम होतंय का, हा भूगोल, समाजशास्त्र आणि स्थापत्य तिन्हींचा विषय आहे.

कला शाखेची मुलं म्हणतात, आमच्यासाठी काय? अहो, सगळ्यांत जास्त तुमच्यासाठीच आहे. गावातली बारव मोजा, तिच्या पायऱ्यांचा नकाशा काढा. आजीच्या जात्यावरच्या ओव्या तिच्याच उच्चारात लिहून घ्या. 'करायलोय', 'जायलीस' ही आपली क्रियापदं कोणत्या तालुक्यापर्यंत ऐकू येतात आणि कुठं थांबतात, याचा नकाशा भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यानं केला तर मी स्वतः पोस्टर उचलून नेईन. तेरचं प्राचीन तगर नगर, खरोशाची लेणी, हिमरू विणणारे उरलेसुरले कारागीर, दखनी बोलणारी कुटुंबं, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागं गावात राहणारी लेकरं. यातला कोणताही विषय इंटरनेटवर तयार मिळत नाही, आणि तीच त्याची ताकद आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीनं गावातल्या चाळीस घरांत जाऊन ज्वारीची जुनी नावं गोळा केली. दगडी, लाह्याची, हुरड्याची, अशी. आकडेवारीचं तंत्र तिला मी शिकवलं. नावं मला तिनं शिकवली.

९. पीएच.डी.ला प्रवेश कसा मिळतो? पेट द्यायची की नेट?

आधी पात्रता. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमीलेअर), आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांग उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत आहे.

मग दोन वाटा. विद्यापीठानं स्वतःची प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट जाहीर केली तर ती द्यायची. निवडीत परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. दुसरी वाट नेटची, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेची. २०२४पासून नेटच्या निकालात तीन गट येतात. पहिल्या गटाला फेलोशिप (संशोधनासाठी दरमहा मिळणारी रक्कम), सहायक प्राध्यापक पदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश, तिन्ही मिळतात. दुसऱ्याला सहायक प्राध्यापक पदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश. तिसऱ्याला फक्त पीएच.डी. प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटाचे नेटचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. हे माहीत नसल्यामुळे हाती आलेली संधी गेलेली मुलं मी पाहिली आहेत. सेटची गल्लत करू नका. सेट ही सहायक प्राध्यापक पदाच्या पात्रतेची राज्याची परीक्षा आहे, तिनं फेलोशिप मिळत नाही.

एम.फिल. मात्र आता बंद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांनी ते काढून टाकलं. आधी मिळवलेलं एम.फिल. वैध आहे.

१०. एम.एस्सी. न करता थेट पीएच.डी. करता येते म्हणतात. खरंय का?

खरं आहे, पण अट कडक आहे. चार वर्षांची पदवी (प्रश्न ६) आणि तिला किमान ७५ टक्के. राखीव गटांना इथंही पाच टक्क्यांची सवलत आहे. तीन वर्षांच्या पदवीवर थेट प्रवेश मिळत नाही. नियमानं दार उघडं असलं तरी माझं मत असं, की एक वर्षाचं पदव्युत्तर करून जावं. संशोधनाची शिस्त हाताला लागायला तेवढा वेळ हवाच.

११. गाइड मिळत नाहीत. 'जागा नाही' म्हणतात. खरंच जागा नसतात का?

बऱ्याचदा खरंच नसतात. एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्या मार्गदर्शकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. त्यांच्याकडे आधीपासून असलेल्यांचं काम निवृत्तीनंतरही सहमार्गदर्शक म्हणून ते पुढं नेऊ शकतात, वयाच्या सत्तरीपर्यंत.

मार्गदर्शकाला भेटायला जाताना दोन पानांचा आराखडा सोबत न्या : प्रश्न काय आहे, तो कोणी आधी पाहिला आहे, तुम्ही काय गोळा करणार. आधी काय झालं आहे ते शोधगंगा या संकेतस्थळावर बघा. देशभरातले प्रबंध तिथं मोफत वाचता येतात, आपल्या दोन्ही विद्यापीठांचे मराठीतले प्रबंधही आहेत. 'सर, तुम्ही द्याल तो विषय' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा स्वतःचा प्रश्न घेऊन आलेल्याला मार्गदर्शक लवकर हो म्हणतात.

१२. नोकरी सांभाळून पीएच.डी. होते का? आणि किती वर्षांत संपवावी लागते?

अर्धवेळ पीएच.डी.ला आयोगाच्या २०२२च्या नियमांत परवानगी आहे. नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, त्यात अभ्यासासाठी वेळ देऊ असं लिहिलेलं असावं लागतं. १२ ते १६ श्रेयांकांचं कोर्सवर्क, म्हणजे संशोधनाआधीचा अभ्यासक्रम, सगळ्यांनाच सक्तीचं आहे.

मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते.

१३. माझं लग्न ठरलंय, सासर पुण्याला. नांदेडला सुरू केलेली पीएच.डी. सोडावी लागंल का?

सोडू नका. २०२२च्या नियमांत या परिस्थितीसाठी स्वतंत्र तरतूद आहे. विवाहामुळे किंवा इतर कारणानं महिला संशोधकाला दुसऱ्या गावी जावं लागलं, तर तिचं संशोधनाचं काम आणि माहिती नव्या संस्थेकडे हस्तांतरित करता येते. मूळ संस्थेच्या आणि मार्गदर्शकाच्या कामाचं श्रेय त्यांना द्यावं लागतं. अर्ज लेखी करा, तारखेची पोच घ्या, आणि नव्या ठिकाणचा मार्गदर्शक आधी पक्का करा.

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक मुलींनी मनातल्या मनात काम सोडलेलंच असतं. आईवडिलांनी आणि होणाऱ्या सासरच्यांनी हे उत्तर तिच्यासोबत बसून वाचावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

१४. प्रबंधाआधी दोन पेपर छापावेच लागतात का? एक जण तीन हजारांत छापून देतो म्हणतोय.

त्याला पैसे देऊ नका. आयोगाच्या २०२२च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली आहे. तुमच्या विद्यापीठाच्या अध्यादेशात काही वेगळं आहे का, तेवढं विभागात विचारून घ्या. आयोगाची मान्य नियतकालिकांची 'यूजीसी केअर' यादीही फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली, त्यामुळे 'आमचं मासिक केअर यादीतलं' ही जाहिरात आता निरर्थक आहे. चांगल्या नियतकालिकात एक निबंध आला तरी पुष्कळ. पैसे देऊन आठ दिवसांत छापलेला निबंध मुलाखतीत अंगाशी येतो.

साम्याबद्दल, म्हणजे प्रबंधातला मजकूर दुसऱ्यांच्या लेखनाशी किती जुळतो याबद्दल, आयोगाचे २०१८चे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंत कारवाई नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते.

१५. पैशाचं काय? घरी तीन एकर कोरडवाहू आहे.

पदवीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करा. प्रवर्ग आणि उत्पन्नानुसार शिष्यवृत्त्या, तसंच राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना तिथंच आहेत. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४-२५पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता किंवा सावित्रीबाई फुले आधार योजना बघा, प्रवर्गाप्रमाणे लागू होईल ती. विद्यापीठात राहणाऱ्यांसाठी 'कमवा व शिका' आहे. त्यात काम करणाऱ्या मुलांकडे मी फार आदरानं बघतो.

पीएच.डी.साठी राज्याच्या संस्था फेलोशिप देतात : अनुसूचित जातींच्या उमेदवारांना बार्टी; मराठा-कुणबी उमेदवारांना सारथी; ओबीसी, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गांना महाज्योती. नेटमधून जेआरएफ, म्हणजे पहिल्या गटाची फेलोशिप (प्रश्न ९) मिळाली तर जानेवारी २०२३पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढं ४२,०००. एका वेळी एकच फेलोशिप घेता येते. जात वैधता आणि उत्पन्नाचा दाखला यांच्यामागं जाहिरात येण्याआधी लागा. नंतर पंधरा दिवसांत ते हाती येत नाहीत.

१६. युवक महोत्सव, इंद्रधनुष्य, अश्वमेध : हे एकच का वेगवेगळे?

युवक महोत्सव विद्यापीठाचा. तिथून निवडलेला संघ राज्यातल्या विद्यापीठांच्या सांस्कृतिक महोत्सवात, इंद्रधनुष्यमध्ये उतरतो. अश्वमेध हा तसाच क्रीडा महोत्सव. आव्हान हे राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांचं आपत्ती व्यवस्थापनाचं शिबिर. सहभागाची प्रमाणपत्रं मूळ जपून ठेवा. सवलतीच्या गुणांसाठी ती परीक्षा अर्जासोबतच द्यावी लागतात, निकालानंतर दिली तर उपयोग नाही.

१७. हिंगोलीला बी.ए. केलं, एम.ए. छत्रपती संभाजीनगरला करायचंय. अडचण येईल का?

विद्यापीठ बदलतंय (प्रश्न १), म्हणून नांदेडच्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र लागेल आणि नव्या ठिकाणी पात्रता अर्ज भरावा लागेल. प्रवेश आधी तात्पुरता मिळतो. पात्रता निश्चित झाली नाही तर निकाल राखून ठेवतात. स्थलांतर प्रमाणपत्र पहिल्या सत्रातच जमा करा.

१८. एकाच वेळी दोन डिग्र्या करता येतात का? पीएच.डी. आणि एल्एल.बी. चालंल का?

एप्रिल २०२२पासून दोन पदव्या एकत्र करायला आयोगाची परवानगी आहे. दोन्ही वर्गात बसून करायच्या असतील तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. नाहीतर एक वर्गात आणि एक दूरस्थ पद्धतीनं, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून वगैरे. पीएच.डी.ला ही सवलत लागू नाही, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे.

१९. आम्ही कोळपणीचं यंत्र बनवलंय. आविष्कारला ठेवलं तर पेटंटचं काय?

आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करा, मग पोस्टर लावा. जगजाहीर झालेल्या गोष्टीला नावीन्य उरत नाही आणि पेटंट अडतं. तात्पुरत्या अर्जानंतर संपूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. शैक्षणिक संस्थेमार्फत अर्ज केला तर २०२१पासून शुल्कात ८० टक्के सवलत आहे. यंत्र वडिलांनी किंवा गावातल्या लोहारानं सुचवलं असेल तर संशोधक म्हणून त्यांचं नाव घाला. कायद्यानंही तेच बरोबर आहे.

२०. आमच्या आजोबांनी वर्षानुवर्षं निवडून एक तुरीचं बी राखलंय. त्यावर मी संशोधन केलं तर ते बी कुणाचं?

तुमच्या आजोबांचं, किंवा गाव मिळून राखलं असेल तर गावाचं. २००१चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणीचा हक्क देतो, आणि शेतकऱ्याला त्यासाठी शुल्क नाही. त्या बियाण्याला पेटंट मिळत नाही, नोंदणी या कायद्याखाली होते, म्हणून प्रश्न १९ची वाट इथं लागू नाही.

संशोधनाचं श्रेय तुमचं, वाण त्यांचा, हा फरक पोस्टरवर स्पष्ट लिहा. नमुना कोणाला देताना किती दाणे, कोणाला, कशासाठी दिले हे कागदावर उतरवून सही घ्या. नोंदणीची चौकशी परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात करा. पेरणीच्या आधी या, म्हणजे याच हंगामात शेजारच्या वाणाशेजारी लावून तुलना करता येईल. आजोबांनाही सोबत आणा. बी कसं निवडलं, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यायचं आहे.